ऋतुजाच्या रायफलीचा दस्ता

लाकडाच्या कामात भुसा आणि किस्से सारखेच. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा घोट्याएवढे! भुसा शेजारीण बंबाला नेते. किस्से कुणी नेत नाही, ते शेडमध्येच साचून राहतात. आणि यंदा दिवाळीच्या आगेमागे इतके साचले की पाय टाकायला जागा उरली नाही. तेव्हा हसायला वेळ नव्हता, जीव टांगणीला होता. आता सांगते.

साताऱ्यात माझी पत्र्याची शेड आहे. रायफलींचे आणि बंदुकांचे लाकडी दस्ते करते मी. खांद्याला टेकतो आणि गालाला लागतो, तो भाग म्हणजे दस्ता. लोखंडाला मी हात लावत नाही. लोक विचारतात, "तुम्हाला कुणी शिकवलं?" मी सांगते, "मोडलेल्या दस्त्यांनी!"

शेडमध्ये रोज नामदेव तात्या येऊन बसतात. पलटणीत हत्यारांची देखभाल करून रिटायर झाले, आता एका शाळेच्या हॉलमध्ये पोरांना नेमबाजी शिकवतात. चहा माझा, मतं त्यांची.

त्यांचीच चेली ऋतुजा. फलटणकडच्या संपतरावांची पोरगी. घरी ऊस, आणि हिला वेड नेमबाजीचं. छऱ्याची रायफल, जिला लायसन लागत नाही ती. वाईच्या घाटात बापलेकीची मोटारसायकल घसरली. पोरीला नुसतं खरचटलं, पण रायफलीचा दस्ता मानेपाशी, मूठ धरतात तिथं, मोडला. दिवाळीनंतर सांगलीला निवड चाचणी होती. निवड झाली तर स्पोर्ट्स होस्टेलला नेणार होते, आणि वयाची अट अशी की यंदा नाही तर कधीच नाही! रायफलीच्या कंपनीनं लाकडी दस्ते केव्हाच बंद केलेले.

संपतराव मोडके तुकडे घेऊन दारात. "आक्का, सरसानं चिकटंल का?"

"चिकटंल की. पण मग पोरीला नेम धरायला सांगू नका, देवाचं नाव घ्यायला सांगा!"

पोरगी मागं उभी होती, ती हसली नाही. मी म्हटलं, नवा करू. म्हटलं जोरात, पण ते गेल्यावर मोडके तुकडे किती तरी वेळ जुळवून बघत बसले.

*

पहिला प्रश्न लाकडाचा. संपतरावांनी दुसऱ्याच दिवशी बांधावरचा आंबा कापून फळी आणली. ओली गच्च!

मी म्हटलं, "संपतराव, ह्याला पटाशी लावली तर रस निघंल. वाटी आणू का?"

तात्यांचं म्हणणं, शिसव घ्या. शिसव देखणं खरं, पण जड. नियम असा आहे की सगळी रायफल साडेपाच किलोच्या वर गेली तर पोरीला उभंच राहू देत नाहीत.

"तात्या, दस्ता करायचाय का देव्हारा?"

शेवटी मिरज गाठली. तिथं सतारी करणारे एक चाचा माझ्या ओळखीचे. त्यांच्या माळ्यावर तुनाचं लाकूड वर्षानुवर्षं वाळत पडलेलं असतं. हलकं असतं आणि एकदा वाळलं की वाकत नाही. चाचांनी एक फळी काढली, बोटानं ठोकली, कान लावला आणि माझ्या हातात दिली. मग विचारलं, "कशाला पाहिजे?"

सांगितलं. चाचांचा चेहराच पडला. "आक्का, ह्यातनं सूर निघायचा. तुमी छरा काढणार?"

मी म्हटलं, "चाचा, सूर चुकला तर माणूस पुन्हा लावतो. ह्या पोरीचा छरा चुकला तर पुन्हा न्हाई."

चाचांनी माझ्या हातातली फळी काढून घेतली. मला वाटलं, बिनसलं! ते आत गेले आणि पार मागची दुसरी घेऊन आले.

"ती गिऱ्हाइकाला दाखवायची हाय. ही घ्या."

*

फळी आली. आता माप. पोरगी फलटणला, परीक्षा चालू. तात्यांनी फर्मान काढलं, "फोटो पाठवा, रायफलीच्या जागी काठी धरून, पोझिशन घेऊन." संपतरावांनी पोरीशेजारी उभं राहून, फोन लांब धरून, सगळ्या घरादारासकट फोटो काढला आणि पाठवला.

तात्या फोटो बघून उडालेच. "आक्का! पोरगी डावखुरी हाय की! काठी डाव्या खांद्याला!"

"तुमीच शिकवता न्हवं तिला? तुमाला ठावं न्हाई?"

"एवढी पोरं असत्यात... आन् फोटो काय खोटं बोलतोय व्हय?"

लाकडावर डाव्या गालाची खूण केली. करवत हातात घेतली. एकदा चुकीच्या बाजूला कापलं की खेळ खलास, चाचांकडं तशी दुसरी फळी नव्हती. कुठं तरी खटकत होतं, पण काय ते कळेना. पुन्हा फोटो बघितला. पोरीच्या मागं तिची आई उभी होती. नीट बघितलं आणि करवत खाली ठेवली. लावला फोन.

"संपतराव, तुमची बायको गुजराती हाय का?"

"न्हाई वो! कोरेगावची हाय. का?"

"मग तिचा पदर उजव्या खांद्यावर कसा?"

पलीकडं फोन एका हातातनं दुसऱ्या हातात गेला. मग ऋतुजाचा आवाज आला, "आज्जी, सेल्फी हाय ती! उलटी येत्या. मी उजवीच हाय!"

तात्या त्या दिवशी चहा न घेता गेले.

*

ओबडधोबड दस्ता तयार झाला. पोरीच्या खांद्याला लावून बघायला फलटणला निघाले, एसटीनं. जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलेला. कंडक्टर आला. "आज्जी, हे काय हाय?"

माझं डोकं मापात. मी म्हटलं, "रायफल."

शेजारची बाई उठून उभी राहिली, पुढची माणसं आणखी पुढं सरकली. मी आपली ऐसपैस बसले. पुढच्या स्टँडवर एक हवालदार वर चढला. माझ्यासमोर वाकून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, सोडा ते."

सोडलं. आत नुसतं लाकूड! ना नळी, ना घोडा. त्यानं उलटंसुलटं करून बघितलं.

"ह्यातनं गोळी कुठनं सुटती?"

"अजून सुटायची हाय. दिवाळीनंतर सांगलीला."

त्यानं कंडक्टरकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

*

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. घरोघरी फौजी, त्यामुळं तलवार, बंदूक, खुरपं, सगळं एका पाटावर. मी पटाशा, रंधे, करवती मांडल्या. दस्ता बारीक पॉलिश पेपरनं घासून तेलासाठी तयार केलेला, कोरा. तो फळीवर अलगद ठेवून अंघोळीला गेले. येऊन बघते तर माझी जाऊ शांता पूजा आटोपून उभी, आणि दस्त्यावर ओल्या हळदीची पाच बोटं ओढलेली!

मी किंचाळलेच.

शांता म्हणाली, "आवं आक्का, रायफलीचाच हाय न्हवं ह्यो? आज ह्याची न्हाई करायची तर कुणाची?"

तिचंही बरोबर! पण कोरं लाकूड हळद पितं. वरून तेल दिलं की ती पिवळी बोटं जन्माची. आणि बोटं होती नेमकी गाल टेकायच्या जागी. घासावं, तर पोरीच्या गालाचं माप जाणार. हळद उन्हात उडते हे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत. पण ऊन लाकडालाही तडकवतं. करायचं काय?

शेवटी दस्ता अंगणात ठेवला आणि तात्यांच्या हातात छत्री दिली. ऊन फक्त हळदीवर, बाकीच्या लाकडावर सावली. ऊन सरकेल तसे तात्या सरकणार. रस्त्यावरून येणारेजाणारे थांबून बघायला लागले. लख्ख ऊन, आणि तात्या छत्री घेऊन कडेकडेनं सरकतायत!

एकानं विचारलंच. "तात्या, पाऊस कुठं हाय?"

तात्या मान न वळवता म्हणाले, "पाऊस न्हाई बाबा. आक्का हाय!"

*

हळद उडाली. मग तेल. जवसाचं तेल तळहातानं चोळायचं, हात तापेपर्यंत. जादाचं फडक्यानं पुसायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. इथं घाई केली की लाकूड चिकट राहतं. तात्यांना घाई. "आक्का, पॉलिश मारा की! एका दिवसात चकाचक."

"चकाचकवर गाल घसरतो, तात्या. पोरीला घाम आल्यावर तुमी पुसाय जाणार हाय का?"

इकडं संपतरावांचे रोज फोन. "आक्का, वाळला का?"

"तुमी फोन ठेवा, मग वाळंल!"

तात्यांना माझ्या शेडमधला पसारा बघवत नाही. मी तेलाची फडकी तारेवर सुटी सुटी पसरून टाकते. तात्यांनी मी बाजारात गेल्यावर ती सगळी गोळा केली, पलटणीच्या पद्धतीनं चौकोनी घड्या घातल्या, एकावर एक रचून डब्यात कोंबल्या. डब्याच्या नेमका वर, दोरीला दस्ता टांगलेला.

येऊन शेडचं दार उघडलं तर धूर! जवसाच्या तेलाची फडकी ढिगात तापतात आणि आपली आपण पेटतात. डब्यातनं जाळ नुकताच वर तोंड काढत होता, दस्त्याच्या खाली हातभर. मी आधी दस्ता ओढला, मग डबा लाथेनं अंगणात उडवला. लुगड्याचा काठ जळाला. दस्त्याला झळ लागली नाही. तो कुशीत घेऊन मी जमिनीवरच बसले.

तात्या धावत आले, पांढरे पडलेले. म्हणाले, "आक्का, मी तर शिस्तीत ठेवलं होतं..."

"शिस्तीतच पेटलं, तात्या! काडीपेटी बी लागली न्हाई!"

*

दस्ता बसला. तात्यांनी स्क्रू आवळले. रायफल फलटणला गेली आणि मला नवी काळजी लागली, वजनाची. फोन केला, "संपतराव, चांगल्या काट्यावर वजन करून सांगा."

तासाभरात फोन. "आक्का, घोटाळा झालाय! काटा शून्य दाखवतोय!"

"कुठला काटा?"

"कारखान्याचा! उसाचे ट्रक तोलतात तो. त्याच्यापेक्षा मोठा काटा तालुक्यात न्हाई."

मागून कुणी तरी ओरडलं, "संपतराव, ऊस घालून बघा, तवाबी तेवढंच दाखवंल!"

मी म्हटलं, "किराणा दुकानात जा." गेले. साडेपाचच्या जेमतेम आत. पण दुकानाचा काटा तो, सांगलीचा काय म्हणेल?

*

सांगलीचा काटा मान हलवून "जा" म्हणाला. पोरगी आत गेली. आम्ही काचेमागं. हॉलमध्ये एसी एवढा की मी पदर कानावरून घेतला. आधी सरावाचे छरे असतात, ते मोजत नाहीत. पहिला डावीकडं खाली. दुसरा तिथंच. तिसराही!

"तात्या, लाकूड हललं का?"

"आक्का, गप बसा."

"थंडीनं आखडलं आसंल. स्क्रू ढिला पडला आसंल. सांगा तिला!"

"आत बोलता येत न्हाई. तिला कळतंय. गप बसा म्हणतो न्हवं!"

संपतराव काचेला कपाळ लावून उभे. मला बघवेना. मी भिंतीकडं तोंड करून बसले. तात्या म्हणाले, "रायफल खाली ठेवली तिनं." मग, "किल्ली काढली." मग, "स्क्रू आवळला. आता लाकडावर नुसता हात ठेवून उभी हाय." मग, "उचलली. धरला नेम." मी भिंतीवरचे पोपडे मोजत बसले.

टाळ्या वाजल्या. वळून बघितलं तर संपतराव फरशीवर बसून रडत होते. मला वाटलं, गेलं! तात्यांकडं बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली, होकाराची. यादी वाचली, त्यात ऋतुजाचं नाव होतं.

होस्टेलचे साहेब बाहेर आले. भला माणूस. पोरीला म्हणाले, "शाब्बास. आता ही घरी ठेवा. आमच्याकडे सगळ्यांना ॲल्युमिनियमच्या नवीन रायफली मिळतात." आणि चकचकीत एक आणून तिच्या हातात दिली.

पोरीनं ती खांद्याला लावली. गाल टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"काय झालं?"

"गार हाय, सर."

साहेब हसले. "सवय होईल."

पोरीनं पुन्हा गाल टेकवला, पुन्हा उचलला. आमच्याकडं बघितलं. तात्या फरशीकडं बघायला लागले. संपतराव डोळे पुसत होते.

मी पुढं झाले. "साहेब, बाकीची रायफल तुमची ऱ्हाऊ दे. गालाखालचा तुकडा तेवढा लाकडाचा बसवता येतो. माप माझ्याकडं हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग तात्यांकडं. "ह्या कोण?"

तात्या अटेन्शनमध्ये उभे राहिले. "सर, व्हय म्हणून टाका. मी ह्यांच्यासाठी उन्हात छत्री धरलीय."