पाटाची गिटार

हे किस्से मी सांगतोय तसेच घडले का, याची मला खात्री नाही. आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलायची भीती वाटते. आणि पुरावा देऊ शकतील अशी माणसं एकेक करून कमी झाली. पण हनीफभाईंच्या दुकानात रंधा मारला की सालपटं कोपऱ्यात साठत जायची. कोणी मुद्दाम साठवत नसे. एक दिवस दार उघडताना अडायला लागलं की कळायचं, बरीच झाली! या गोष्टींचंही तसंच झालंय. दार अडायला लागलंय.

दुकान म्हणजे रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची एक लांबट खोली. हनीफभाई तरुणपणी कुवेतला फर्निचरच्या कामाला गेले. तिथे एका गोवेकर मित्राकडून गिटार बनवायला शिकले. परत आल्यावर गिटार, मेंडोलिन, सतार, तंबोरा, ज्याला तार असेल ते बनवायला आणि दुरुस्त करायला लागले. मागच्या बाजूला त्यांचं घर, पुढे बाक. बाकावर दोघं कायमचे. एक सावंत तात्या, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. त्याला एकही वाद्य येत नव्हतं आणि प्रत्येक वाद्याबद्दल मत होतं. दुसरा मी.

*

मी तिथे पोचलो बायकोची सतार घेऊन. ती जाऊन वर्ष होत आलं होतं आणि सतारीच्या भोपळ्याला तडा गेला होता.

हनीफभाईंनी सतार आडवी घेतली, भोपळ्यावर बोटं वाजवून पाहिली.

"वाजवतं कोण?"

"आता कोणी नाही."

"तुम्ही?"

"मला येत नाही."

"मुलं?"

"मुलगा कॅनडात असतो."

"मग दुरुस्त कशाला करायची?"

पीएच.डी.च्या व्हायव्हात मी इतका अडकलो नव्हतो! तात्याने बाकावर सरकून जागा केली.

"बसा ओ सर," हनीफभाई म्हणाले, "उत्तर सुचेपर्यंत बसा."

बसलो. सतार दुरुस्त होऊन घरी गेली, मी बसूनच राहिलो. उत्तर अजून सुचलेलं नाही.

*

कोकणात पावसाळ्यात लाकूड पाणी पितं आणि फुगतं. म्हणून हनीफभाईंकडे एक जुनं कपाट होतं. त्यात रात्रंदिवस बल्ब जळत असे आणि अर्धवट झालेल्या गिटारी त्या उबेत पावसाळा काढायच्या. तात्या त्याला आयसीयू म्हणायचा.

एका पावसाळ्यात कॉलेजचा एक मुलगा नवी गिटार घेऊन गेला आणि आठवड्याने परत आला.

"चाचा, आवाज एक नंबर! पण वाजवायला बसलो की मांजरं येतात."

"म्हणजे त्यांना तुझं गाणं आवडतं," तात्या म्हणाला.

हनीफभाईंनी गिटारच्या भोकाला नाक लावलं आणि तसंच घरात ओरडून विचारलं, "अगो, कपाटात काय ठेवलं होतंस?"

"जवळा!" आतून भाभींचा आवाज आला. "बल्ब जळतोच आहे, म्हटलं माझीही मासळी सुकू दे!"

हनीफभाई बिचारे शरमले. दुसरी बनवून देतो म्हणाले. मुलाने गिटार पुन्हा खांद्याला लावली.

"नको चाचा, राहू दे. होस्टेलवर एरवी ऐकतं कोण?"

*

सीझनमध्ये पर्यटक यायचे. एकदा पुण्याचे एक गृहस्थ भिंतीवरच्या गिटारी पाहून चकित झाले.

"हे इथे बनतं? रत्नागिरीत?"

"छे छे," हनीफभाई लाकूड चिकटवायचा सरस ढवळत म्हणाले. "इथे आम्ही आंबे बनवतो. गिटार झाडाला लागते."

गृहस्थांनी आंब्याची चौकशी केली आणि गेले!

*

भिंतीवर दहा-पंधरा वाद्यं टांगलेली असली की मोठ्याने बोलायची सोय नसते. आवाजाने तारा आपोआप थरथरतात आणि सगळी खोली बारीक गुणगुणायला लागते. मी या विषयावर वर्गात कित्येक तास बोललोय, पण खोकला आल्यावर खोलीने जबाब दिला तो पहिल्यांदा तिथे.

"सावकाश खोका ओ सर," हनीफभाई म्हणाले. "सगळ्या उठतील!"

घरी आल्यावर मी दिवाणखान्यात उभा राहून एकदा खोकून पाहिलं. काही झालं नाही, सतार गवसणीत होती.

*

आता पाटाची गोष्ट. तात्याच्या मुलीचा साखरपुडा चिपळूणला, नवऱ्या मुलाच्या घरी. घर जुन्या वळणाचं. जेवायला पंगत आणि बसायला मोठमोठे फणसाचे पाट, कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेली.

हनीफभाई बसले, लगेच उठले. पाट उचलला, कानाशी धरला आणि मुठीने ठोकला. मग माझ्याकडे दिला.

"सर, ऐका."

मीही ठोकला. खरंच, लाकूड घंटेसारखं बोलत होतं. आम्ही दोघं आळीपाळीने ठोकत होतो आणि वाढपी भाताचं पातेलं घेऊन थांबले होते.

मुलाचे काका म्हणाले, "पाहुणे मुलगी द्यायला आलेत की पाट न्यायला?"

तात्याची पापणी लवली नाही. "मुलगी दिली. आता पाट द्या!"

येताना एसटीत पाट माझ्या मांडीवर होता.

*

त्या पाटाची गिटार मी बनवली.

म्हणजे, बनवायला हनीफभाईंनीच लावलं. "किती दिवस नुसते बघणार? हात चालवा." पाट उभा चिरून दोन पातळ फळ्या काढल्या आणि पुस्तक उघडावं तशा शेजारी शेजारी चिकटवल्या. ती झाली गिटारची पाठ. पितळी फुलांच्या खिळ्यांची भोकं मात्र राहिली. ती मी चिंचेच्या लाकडाचे बारीक तुकडे बसवून बुजवली, तरी दिसायचीच. आतल्या आधाराच्या प्रत्येक पट्टीची जाडी काढण्यासाठी मी गणितं मांडायचो.

"सर, गणित सुटलं असेल तर सरस गरम आहे," हनीफभाई म्हणायचे. "सुटलं नसेल तर पुन्हा गरम करतो."

वर्ष गेलं. तारा चढल्या. हनीफभाईंनी मांडीवर घेऊन थोडा वेळ वाजवली, कान लाकडाला टेकवला आणि म्हणाले, "हम्म."

बस्, एवढंच!

त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी तात्याला विचारलं, "हम्म म्हणजे काय?"

"हम्म म्हणजे पास."

"पास, की ग्रेस मार्कांनी पास?"

"तुम्ही मास्तर. तुम्हाला माहीत!"

हसण्यावारी गेलं, पण मला ते कळायलाच हवं होतं. माझे शोधनिबंध कोणी वाचले की नाही, देव जाणे. ही एक वस्तू मी हातांनी केली होती. ते वाद्य होतं, की एका एकट्या म्हाताऱ्याचा टाइमपास? हे मला दुसरं कोणीतरी सांगायला हवं होतं. मला न ओळखणारं कोणीतरी.

हनीफभाईंनी ती भिंतीवर टांगली. लोक येत, हिच्यावरून हात फिरवत आणि शेजारची काढून वाजवत. कोणी विचारायचं, "ही भोकं कसली?" मी बाकावर पेपर तोंडासमोर धरून बसायचो.

*

एक दिवस गेलो तर खिळा मोकळा.

"विकली," हनीफभाई पॉलिश पेपर घासता घासता म्हणाले. मान वर केली नाही.

"कोणाला?"

"बुरोंडी गावचा एक खलाशी होता. जहाजावर घेऊन गेला."

मी घरी जाऊन आनंदाने चहा केला. दोन कप केला, सवयीने. आणि पहिल्या घोटालाच शंका आली. मान का वर केली नाही? मी नसतानाच गिऱ्हाईक कसं आलं? आणि खलाशी जहाजावर गेला म्हणजे विचारायलाही कोणी नाही! माझं मन राखायला हनीफभाईंनी ती काढून ठेवली नसेल कशावरून?

भाभींना गाठलं. "भाभी, खरं सांगा, गिटार घरात माळ्यावर तर नाही?"

"ओ सर, आमच्या घरात माणसांना जागा नाही. गिटार कुठे झोपवू?"

तात्या वैतागला. "तो विकली म्हणतोय तर विकली. तुम्हाला पोस्टमॉर्टेम कशाला?"

पण शंका गेली नाही. मी वरून विश्वास ठेवला आणि आतून ठेवला नाही. पुढे हनीफभाई आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. तिथेही तेच विचारलं.

"हनीफभाई, ती गिटार खरंच विकली होती का हो?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुम्हाला एवढं शिकवलं कोणी?"

आमचं शेवटचं बोलणं ते.

*

तात्याला मुलाने डोंबिवलीला नेलं. भाभींनी दुकानाची चावी माझ्या हातात दिली. "बंद राहिलं तर वाळवी लागेल. संध्याकाळी उघडत जा." तेव्हापासून मी उघडतो. तारा बदलून देतो, तारांखालची निघालेली घोडी चिकटवून देतो. नवीन काही बनवत नाही. बाक रिकामाच असतो. मी आत त्याच्याकडे पाठ करून बसतो, म्हणजे तो रिकामा दिसत नाही.

तात्याचा अधूनमधून फोन येतो. मध्ये एकदा म्हणाला, "दुकानातला आवाज ऐकवा ओ जरा."

मी फोन गिटारींसमोर धरला. आता कोणती छेडावी, हे मला ठरवता येईना. मी तसाच उभा. थोड्या वेळाने तात्याचा आवाज आला.

"सूर उतरलाय. खालची तार जरा ओढून घ्या."

"तात्या, मी काही वाजवलंच नाही अजून. पंखा चालू आहे तो!"

मग तो म्हणाला, "असू दे. पंख्याचा पण उतरलाय."

*

शेवटचा किस्सा गेल्या गणपतीनंतरचा. म्हणजे तात्या गेल्यावर बरीच वर्षं लोटली होती, डोंबिवलीला हो, तसा तो ठणठणीत आहे.

संध्याकाळी एक बाई आल्या, डोक्यावर ओढणी, काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. बुरोंडीहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या.

"गिटार दुरुस्त करणारे तुम्हीच का?"

"थोडीफार करतो."

चादर सोडून त्यांनी गिटार टेबलावर पालथी ठेवली. फणसाची पाठ, पिवळी होती ती आता गडद तपकिरी झालेली. आणि त्यात बुजवलेली भोकं. मी हात टेबलाखाली घेतले.

"आमच्या ह्यांची," त्या म्हणाल्या. "जहाजावर होते तेव्हा तिकडेच असायची, बरं होतं. आता रिटायर होऊन घरी बसलेत. सकाळी चहा नाही घेतला तोवर हे सुरू. दुपारी जेवण, की परत सुरू. शेजारी येऊन सांगून गेले, आता भाऊबंद पण सांगायला लागलेत."

"मग आता काय झालंय हिला?"

"कसली खरखर येते म्हणाले. मला वाटलं मोडली एकदाची. पण मेली मोडत नाही! समुद्राचं पाणी खाल्लंन, दोनदा जिन्यावरून पडली, ह्यांच्या भावाची पोरं तिच्यावर बसली. कोणी बनवलीय कोण जाणे!"

मला खोकला आला, तो दाबला.

त्या जरा पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणला. "चाचा, एक काम करा. ह्यांना फोन लावून देते. तुम्ही फक्त सांगा, आता हिचं काही होणार नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

मी गिटार सुलटी केली आणि दिव्याखाली धरली. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, फ्रेट म्हणतात त्यांना. बोटाने तार त्यांच्यावर दाबायची आणि वाजवायचं. नुसती टांगून ठेवली तर त्या शंभर वर्षं जशाच्या तशा राहतात. झिजतात त्या फक्त दाबून.

"काय म्हणता?" बाई फोन हातात घेऊन थांबल्या होत्या. "गेली ना कामातून?"

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पट्ट्यांवरून सावकाश अंगठा फिरवला. पहिल्या तीन पट्ट्या झिजून सपाट झाल्या होत्या.