हातात काय, सोबत कोण, जेवलाय का?

आमच्या हेल्पलाइनवर किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच फोन करून येतात! कांदिवलीत पिठाच्या गिरणीवर एक खोली, दोन खुर्च्या आणि फोन एकच. कुणाच्या मनाचा तोल गेला की घरचे नाहीतर शेजारी फोन करतात. मग आम्ही ठरवायचं, आपण जायचं की पोलिसांना बोलवायचं.

आमच्या प्रमुख सावंत मॅडम, रिटायर्ड नर्स, मालवणच्या. त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. हातात काय आहे? सोबत कोण आहे? आणि तिसरा खास त्यांचा, "तो जेवलो काय?"

*

मुलुंडच्या एका आजींचा फोन आला. "सून वेडी झालीय, दार लावून बसलीय. पोलीस पाठवा!"

मी विचारलं, "तिच्या हातात काय आहे?"

"माझा टीव्हीचा रिमोट!"

*

पण सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. अंधेरीत एका सोसायटीच्या सेक्रेटरीने आम्हाला न विचारता थेट पोलिसांना कळवलं, "तो एकटाच बडबडतोय, हातात सुरी आहे!" हवालदार शेलार सायरन वाजवत पोहोचले आणि खांद्याने दार उघडलं. आत तो बिचारा कोथिंबीर चिरत होता!

मात्र सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहून बघत होती. त्यानंतर महिनाभर तो खाली उतरला नाही. मला फार वाईट वाटलं. शेलारांना त्याहून जास्त. दुसऱ्याच दिवशी ते आमच्याकडे आले. "मॅडम, आम्ही कधी यायचं ते यापुढे तुम्ही सांगा."

"सांगते. सायरन बंद, जीप गेटबाहेर, अंगात साधा शर्ट. आणि खांदा घरी ठेवून या!"

*

पुढे घाटकोपरला एक रिटायर्ड मास्तर बाथरूममध्ये कडी लावून बसले. शेलार साध्या शर्टात गेले.

मास्तरांनी फटीतून पाहिलं. "बूट पोलिसाचे आहेत!"

शेलारांनी बूट काढले आणि तिथेच फरशीवर बसले. "आता?"

"मोज्याला भोक आहे."

"बायको माहेरी गेलीय हो. येईलसं वाटत नाही."

मग कडी निघाली. मास्तर म्हणाले, "चहा घेणार का?"

*

आणि हा परवाचा. भर दुपारी पोलीस स्टेशनमधून सिनियर साहेबांचा फोन. आवाज अगदी खाली.

"मॅडम, आमचा शेलार सकाळपासून स्टोअररूममध्ये कडी लावून बसलाय. रडतोय. वर कळलं तर नोकरीवर गदा येईल त्याच्या. दार तोडू का?"

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अजिबात नाही! पोलिसांनी दाराला हात लावायचा नाही!"

"अहो, पण इथे सगळे पोलीसच आहेत!"

"मग सगळ्यांना लांब उभं करा. हातात काय आहे त्याच्या?"

"पिस्तूल माझ्याकडे जमा आहे. हातात फक्त मोबाईल. खिडकीतून दिसतोय."

"सोबत?"

"कोणी नाही."

"जेवलो काय तो?"

"डबा बाहेरच पडलाय."

"मोबाईलवर काय करतोय, विचारा. हळू आवाजात!"

साहेब फोन हातात घेऊनच दाराशी गेले. पलीकडून शेलारांचा रडवेला, वैतागलेला आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

"साहेब, कधीपासून सावंत मॅडमना लावतोय! कोण बोलत बसलंय देव जाणे, लाइनच मिळत नाही!"