रबर लावलेल्या बाटल्या

वनिताताई वाचता वाचता थांबल्या. त्यांची डावी तर्जनी त्याच ओळीवरून मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. जाड कागदावर त्वचा घासल्याचा कोरडा आवाज तेवढा खोलीत ऐकू येत होता.

"मंगळवार," त्या म्हणाल्या. "की बुधवार?"

वही त्यांची स्वतःची होती. त्यातले एकेक टिंब त्यांनीच टोचले होते.

"ही दिल्लीची थंडी, मॅडम. बोटं बधिर होऊन जातात."

जानेवारीचे धुके खिडकीच्या काचेला टेकून उभे होते. मी मान डोलावली, आणि ती त्यांना दिसत नाही हे आठवून म्हणाले, "हो, यंदा जरा जास्तच आहे." मग फाइलमध्ये लिहिले : गोळ्या पूर्वीप्रमाणे चालू.

त्या ओळीखाली माझी सही आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे. दक्षिण दिल्लीतल्या एका रुग्णालयात, डोकेदुखीच्या क्लिनिकमध्ये बसते. वनिता रामटेके माझ्याकडे आल्या त्या आदल्या जूनमध्ये. त्या जन्मांध. वडील केंद्र सरकारच्या नोकरीमुळे भंडाऱ्याहून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. आता भाऊही केंद्राच्याच एका मंत्रालयात नोकरीला. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये ताई भाऊ-वहिनींबरोबर राहतात. एका ब्रेल प्रेसमध्ये त्या प्रूफरीडर होत्या. हे काम असे चालते : समोर एक डोळस सहकारी छापील प्रत धरून बसतो, आणि ताई ब्रेलच्या पानावर बोट फिरवत मोठ्याने वाचतात. जिथे शब्द जुळत नाही तिथे चूक. अंध मुलांची शाळेची पुस्तके या बोटाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसत.

त्यांना मायग्रेन होता. महिन्याचे सात-आठ दिवस त्यात जात. "उजेडाचा त्रास होत नाही, तेवढं एक बरं," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या. "पण वास येतात ना, मॅडम! शेजारच्या फोडणीतली मोहरी कवटीच्या आत तडतडते."

न्यूरॉलॉजिस्टांनी दिलेल्या गोळ्यांनी त्यांना दिवसभर गुंगी यायची, वाचनाचा वेग उतरायचा. त्यांनी त्या बंद केल्या. म्हणून डॉक्टरांनी मला विचारले, "काही सौम्य करून बघता येईल?"

सौम्य म्हणजे जीवनसत्त्वे. काही रुग्णांमध्ये रायबोफ्लेविन, म्हणजे बी-टू, आणि मॅग्नेशियम नियमित घेतल्यास मायग्रेनचे झटके कमी होतात. चालू असलेले दुखणे त्यांनी थांबत नाही. दोन-तीन महिने धीर धरावा लागतो, जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात आणि डायरी लिहावी लागते. ताईंनी ती ब्रेलमध्ये लिहिली. दर भेटीत त्या वाचून दाखवत, मी ऐकून टिपून घेत असे.

"बी-टूमुळे लघवी गडद पिवळी होईल," मी तेव्हा सांगितले.

"मला काय, निळी झाली तरी चालेल."

सोबत आलेल्या सुजाता वहिनी मात्र घाबरल्या. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, "काळजी करू नका. ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. जास्त झालं तर निघून जातं."

हे वाक्य मी अनेकांना सांगत आले होते. बी-टूपुरते ते ठीक होते.

सप्टेंबरपर्यंत झटके महिन्यातून दोनवर आले. ताईंचा आवाज बदलला, चालणे बदलले. डायरीची पाने त्या भराभर वाचत. पावसाची सर पत्र्यावरून जावी तसे बोट ओळीवरून जाई. मला फार आनंद झाला होता. दिवाळीनंतरच्या भेटीत त्या उठता उठता म्हणाल्या, "बोटांना मुंग्या येतात हल्ली." मी म्हणाले, "हातमोजे वापरत जा." त्या हसल्या. "मॅडम, तुम्ही डोळ्यांवर मोजे घालून वाचाल का?" मीही हसले, आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

जानेवारीच्या त्या भेटीनंतर पंधरा दिवसांनी प्रेसच्या सुपरवायझरांचा फोन आला.

"मॅडम, नंबर मैंने उनकी पर्ची से लिया. उन्हें पता नहीं है." ते चाचरत बोलत होते. गणिताचे एक पुस्तक शाळेतून परत आले होते. पानापानावर चुका होत्या. "इतने साल में पहली बार वनिताजी की पढ़ी किताब वापस आई है. उनकी उंगली से गलती छूटती नहीं, मॅडम. कुछ तो हुआ है. ऊपरवाले पूछ रहे हैं, उन्हें प्रूफ पर रखें कि नहीं."

मी ताईंना घरी फोन लावला. "उद्या या. आणि घरात ज्या काही गोळ्या घेता, त्या सगळ्या घेऊन या."

"औषधं? ती तर मी घेतच नाही."

"औषधं नाही, ताई. बाटल्या. सगळ्या."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कापडी पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. चार होत्या. मी दोनच लिहून दिल्या होत्या. ताईंना ओळखता याव्यात म्हणून प्रत्येकीला रबर लावलेले होते. एका रबराची सकाळी, दोन रबरांची रात्री. तिसरीला जाड रबर. चौथीला वहिनींच्या केसांचा मऊ, कापड गुंडाळलेला रबर.

मी भिंग काढून लेबले वाचू लागले. एका रबराची बी-टू, ठीक होती. दोन रबरांची बाटली मॅग्नेशियमची. पण माझ्या चिठ्ठीतले साधे मॅग्नेशियम दुकानात नव्हते, तेव्हा दुकानदाराने पायरिडॉक्सिन मिसळलेले दिले होते. पायरिडॉक्सिन म्हणजे बी-सिक्स. जाड रबराची बाटली भावाच्या मेव्हण्याने परदेशातून आणलेली, 'शक्तीची'. तिच्यातही तेच, भरपूर. चौथीच्या लेबलावर मोठ्या अक्षरांत नसांचे आरोग्य होते, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत पुन्हा पायरिडॉक्सिन.

"ही कधीपासून?" मी चौथी उचलली.

"दिवाळीपासून," वहिनी म्हणाल्या. "ताईंच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या ना, तेव्हा मीच आणली. दोन वेळा देते. वर लिहिलंय, नसांसाठी."

"आणि या सगळ्या एकत्र?"

"मग? तुम्हीच सांगितलं होतं ना, जास्त झालं तर निघून जातं."

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. असता तर बरे झाले असते.

मी समजावून सांगितले. बी-सिक्सही पाण्यात विरघळते, पण फार मात्रेत महिनोन् महिने घेतले तर ते निरुपद्रवी राहत नाही. स्पर्श वाहून नेणाऱ्या नसांनाच ते दुखावते. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. मुंग्या थांबाव्यात म्हणून दिलेल्या गोळीने मुंग्यांचे कारणच वाढवले होते. कमतरतेनेही नसा दुखावतात आणि अतिरेकानेही, आणि बोटांना दोन्हींतला फरक सांगता येत नाही.

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"वहिनी, नाक ओढू नकोस," ताई शांतपणे म्हणाल्या. "ऐकू येतं मला." मग माझ्या दिशेने चेहरा वळवला. "परत येईल?"

"या सगळ्या गोळ्या आजपासून बंद, फक्त साधं मॅग्नेशियम घ्यायचं. बहुतेक लोकांना हळूहळू फरक पडतो. पूर्ण येईलच असं सांगता येत नाही."

"'अ' म्हणजे ब्रेलमध्ये एकच टिंब असतं, मॅडम. निदान ते कळेल?"

त्याच दिवशी मी न्यूरॉलॉजिस्टांना सगळे सांगितले, माझ्या वाक्यासकट. नसांच्या तपासण्या झाल्या. निदान तेच निघाले.

ताई पुन्हा आल्या तेव्हा मे महिना होता. गरम वाऱ्याने दार आपोआप लोटले जात होते. चालताना काठीची मूठ त्या घट्ट धरत होत्या. नीट धरली आहे की नाही, हे हाताला कळत नव्हते म्हणून. प्रेसने त्यांना रेकॉर्डिंगला घेतले होते. पुस्तकातला मजकूर कुणीतरी कानात वाचून दाखवतो आणि त्या माइकसमोर पुन्हा बोलतात.

"आवाज चांगला आहे म्हणतात माझा," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याने वाचलेलं सांगायचं. वाचणं वेगळं, मॅडम."

"आणि डोकं?"

"डोकं बिल्कुल दुखत नाही."

साध्या मॅग्नेशियमवर आणि वेळच्या वेळी जेवणावर एवढे साधले होते. मी तेच साधायला निघाले होते.

त्यांनी पिशवीतून डायरी काढली, उघडली आणि पानावर हात ठेवला. दोन्ही तर्जन्या सावकाश फिरवल्या.

"टिंबं आहेत एवढं कळतं. किती, ते कळत नाही. कागदावर रवा सांडल्यासारखं लागतं." वही त्यांनी माझ्याकडे सरकवली. "ठेवा. तुमच्या फाइलला लावा."

"मला वाचता येत नाही हो, ताई."

"मलाही," त्या म्हणाल्या आणि काठी चाचपू लागल्या.

वही माझ्या खणात आहे. पाने उघडली की बोटांखाली टिंबे लागतात, गार आणि स्पष्ट. मला ती मोजताही येतात.

माझ्या फॉर्ममध्ये 'चालू औषधे' असा रकाना होता. औषधे विचारली की लोक औषधेच सांगतात. जीवनसत्त्वांना कुणी औषध मानत नाही, प्रेमाने दिलेल्या गोळीला तर नाहीच. तो रकाना मी खोडला आहे. आता घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगते, आणि दर भेटीत लेबले स्वतः वाचते. डोळस रुग्णांचीही.