समोरच्याचं नाव

आराधना उजागरेने पंकजाच्या खांद्याचा चावा घेतला तेव्हा मी आखाड्याच्या कडेलाच बसलो होतो. आमच्या पारनेर तालुक्यात यात्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. त्या हगाम्यातली बायकांची ती शेवटची जोड. पंकजा कोपरगावकडची, उंच आणि लांब हातांची. आराधना आमच्या आळीतली, बुटकी, मानेने जाड. तिचा बाप इसहाक सुप्याच्या एमआयडीसीत पत्रे कापायच्या कामावर आहे.

कुस्ती बराच वेळ नुसती खडाखडीवर, एकमेकींचा अंदाज घेण्यावर चालली होती. मग हलगीवाल्या कानिफनाथने ठेका वाढवला आणि आराधनाचं डोकं फिरलं. तिने पंकजाच्या तोंडावर कोपर हाणलं, केस धरले आणि खांद्यात दात रुतवले. पंच धावले, पण तोवर पंकजाने तिचा उजवा हात पाठीमागे पिरगाळून वर उचलला होता. हाड मोडलेलं मी ऐकलं. वाळलेली तुराटी पायाखाली यावी तसा आवाज झाला.

मी काही लिहिणारा माणूस नव्हे. चार ओळी लिहिल्या की तीन खोडाव्याशा वाटतात. पण गावात तिच्याविषयी अर्धवटच सांगतात, म्हणून पाहिलं तेवढं मांडतो.

हात जुळायला बरेच महिने गेले. तेवढ्यात गावाने विनोद करून घेतला. "उजागऱ्याच्या पोरीच्या अंगात येतं," असं पारावर कोणी म्हणायचं. "अरे, ते चर्चला जात्यात. त्यांच्यात कुठलं अंगात येतं?" "मग हलगी ऐकून बाटली असंल." इसहाक हे ऐकून सायकल पुढे काढायचा.

प्लास्टर निघाल्यावर ती तालमीत गेली. बन्सी वस्ताद माती उकरत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "हात जुळला. डोक्याचं काय?"

"वस्ताद, मला कळतच न्हाई. हलगी कानात शिरली की समोरचं माणूसच दिसत न्हाई. नुसतं लाल दिसतं."

"माणूस दिसत न्हाई मग कुस्ती कुणाशी करतीस?" वस्ताद म्हणाले. "ऐक. हलगीवर परत एकदा फिरलीस, तर माझ्या तालमीत पाऊल टाकायचं न्हाई. बापाला घेऊन आलीस तरी न्हाई."

आसपासच्या गावांत पोरींना घेणारी दुसरी तालीम नव्हती. ती बाहेर पडली की तिची कुस्ती संपली, हे तिलाही कळत होतं.

मी सकाळी तालमीत जाऊन बसायचो. त्यानंतर जे चाललं ते बघवत नव्हतं. कानिफनाथ तालमीच्या दारात जाळावर हलगी शेकून वाजवायला बसायचा. आत आराधना आणि तालमीतला बजरंग एकमेकांच्या मनगटांना धरून उभे. बजरंग तिच्या दीडपट वजनाचा. त्याने तिच्या मानेवर, कानशिलावर थापा मारायच्या आणि तिने नुसतं उभं राहायचं. हलगी वाढली की वस्ताद ओल्या दोराने तिच्या पोटऱ्यांवर फटका ओढत. ती जागची हलली की पहिल्यापासून सुरुवात. पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. एका कानाची पाळी फुटून रक्त मानेवर वाळलं.

एकदा तिची आई मरिया डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. "बैलाला तरी असं मारत्यात का ओ, वस्ताद?"

"बैलाला हगाम्यात कोण मोडणार हाय, मरियाबाई?"

"आई, तू घरी जा," आराधना म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं.

मारून ती सुधारेल असं वस्तादांना वाटत होतं, मला नव्हतं. एका सकाळी ठेका चढला आणि तिने बजरंगच्या तोंडावर डोकंच घातलं. तो खाली बसला. त्याने मातीत थुंकून बघितलं, तर पुढचा दात पडला होता. हलगी बंद झाली. वस्तादांनी दोर खाली टाकला. आता तिला हाकलतात असंच मी धरून चाललो.

बजरंग तोंडावर हात धरून म्हणाला, "आरधे, मी बजरंग हाय गं. तुझ्या वर्गात हुतो की. तू काय मला वळखत न्हाईस का?"

पडलेल्या दाताच्या फटीतून शिट्टी वाजली. कोणी हसलं नाही. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "वस्ताद, अजून एकदा धरू द्या."

वस्तादांनी बजरंगकडे पाहिलं. तो उठला. हलगी पुन्हा वाढली तेव्हा तिचे ओठ हलत होते. बजरंगने मानेवर थाप मारली, दोराचा फटका बसला, ती हलली नाही. वस्तादांना वाटलं, देवाचं नाव घेते आहे. "घे बाई, तुझ्या येशूचं तर येशूचं," ते म्हणाले. मी भिंतीला टेकून जवळच होतो. ती "बजरंग, बजरंग" म्हणत होती.

पुढच्या यात्रेत पंकजाच तिच्यासमोर आली. हातात हात दिला आणि मोठ्याने म्हणाली, "काय गं, दात आणलेस का घरी ठेवलेस?" कोपरगावची माणसं खदखदून हसली.

पंकजाने पहिल्याच झोंबाझोंबीत आराधनाच्या मानेवर अशा थापा घातल्या की कडेला बसलेल्यांनी माना आखडल्या. बरा झालेला हातच ती पुन्हा पुन्हा ओढत होती. मग पंकजाचं कपाळ आलं आणि आराधनाचं नाक फुटलं. पंच मध्ये पडले. "थांबायचं का?"

"माती लावा," ती म्हणाली. त्यांनी आखाड्याची माती चिमटीने नाकावर दाबली आणि कुस्ती पुन्हा लागली.

कानिफनाथचा ठेका चढला. लोक उभे राहिले. पंकजा पट काढायला, म्हणजे पाय ओढायला खाली आली, तशी आराधनाने तिला बगलेत घेऊन तोंडावर आपटलं आणि पाठीवर चढली. पंकजाचा उजवा हात तिच्या हातात आला. तिने तो मागे घेतला आणि वर उचलला, तसाच, जिथवर तिचा स्वतःचा गेला होता तिथवर. पंकजा ओरडली नाही. तिने तोंडात माती धरली होती. मागून आमच्याच गावची माणसं ओरडू लागली, "मोड. मोड तिचा."

आराधनाच्या नाकातलं रक्त पंकजाच्या मानेवर टपकत होतं. तिचे ओठ हलत होते. हात आणखी बोटभर वर गेला.

मग तिने हात सोडून दिला.

पंकजा त्याच क्षणी वळली आणि आराधनाला उचलून पाठीवर टाकायला गेली. आराधनाने मान मातीत रोवून धनुष्यासारखं अंग वर धरलं. पंकजा तिच्या छातीवर, गळ्यावर गुडघ्याने रेटत राहिली. मानेच्या शिरा दोरासारख्या झाल्या, पण पाठ टेकली नाही. अंधारून आलं तेव्हा पंचांनी जोड सोडवली. कुस्ती बरोबरीत. लोकांना निकाल हवा होता. चपला आल्या, एक दगडही आला.

पंकजा जाता जाता थांबली. दुखरा हात तिने पोटाशी धरला होता. "माझं नाव कशाला घेत हुतीस सारखं?"

"तू दिसावीस म्हणून."

पंकजाला ते कळलं असावं असं मला वाटत नाही. "येडी हाय," ती म्हणाली. पण गेली नाही, जरा उभी राहिली. "मी तुझा मोडला तवा मलापण काय दिसत नव्हतं," एवढं बोलून ती तिच्या माणसांत मिसळली.

आराधना वस्तादांपुढे येऊन उभी राहिली. डोळे सुजून अर्धे मिटले होते. वस्तादांनी तिचं नाक चिमटीत धरून बघितलं.

"हात सोडायचा नव्हता," ते म्हणाले.

"मोडायचा हुता का मग?"

"मोडायचापण न्हाई. तसाच धरून पालथीची उताणी करायची असती. तुला ते येत न्हाई." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तिच्या अंगावर फेकला. "सकाळी ये. दावतो."