घरगुती जेवणाची पाटी

सुट्टीसाठी घेतलेल्या बंगल्याची किल्ली देताना मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "जेवणाची चिंताच नको. चालत जाण्यासारखी तीन हॉटेलं आहेत. तिन्ही घरगुती."

घरगुती म्हणे! तिन्हींच्या पाटीवर नऊवारीतली बाई चूल फुंकते आहे. आत ना चूल, ना बाई, फक्त मायक्रोवेव्हची टिंगटिंग. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि ताटात तीच लालभडक ग्रेव्ही. तिच्यात सुरमई बुडवा नाहीतर पनीर, चव ढिम्म बदलत नाही. आणि कोणाच्या घरी रोज मंचुरियन शिजतं, ते मला एकदा दाखवाच. आपल्या घराला कुलूप लावून माणसं शंभर कोसांवर येतात आणि असल्या पाट्यांना भुलतात, याचीच कीव येते.

आज तिसऱ्या हॉटेलात आमचं जेवण चालू असताना गल्ल्यावरच्या मालकाने भिंतीकडे तोंड करून घरून आलेला डबा उघडला. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणाचा वास हॉटेलभर पसरला. स्वतःच्या हॉटेलात न जेवणारा हॉटेलवाला! मी तावातावाने उठून त्याच्याकडे गेलो.

"हे का देत नाही आम्हाला?"

"द्यायचो की," बांगड्याचा काटा काढत तो शांतपणे म्हणाला. "पण वास येतो, काटे लागतात, म्हणून गिऱ्हाईक उठून जायचं."

"कसली माणसं असतात हो!" असं म्हणत मी वळलो.

आमच्या टेबलावर बायको नाकाला रुमाल लावून बसली होती, आणि लेक मंचुरियनची दुसरी प्लेट मागवत होती.