लाजराच्या पायांची गाठ

नवऱ्याला, गाव्रिलला, पुरल्याच्या तिसऱ्या दिवसापासून सावेताला अंगणात आवाज ऐकू यायला लागला. धप्. मग जरा थांबून, दम खाल्ल्यासारखं, पुन्हा धप्. भर दुपारी. दोन्ही पाय जुळवून कुणी उड्या मारत यावं, तसा. खिडकीतून पाहावं तर विहीर, आलुबुखाराचं झाड आणि कोंबड्या. कोंबड्या मात्र मधली वाट सोडून कडेकडेनंच दाणे टिपायच्या.

सावेता बाप्तिस्त या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतली. भूतखेत मानायचं नाही, हा तिथला दंडक. तिनं कुणालाच सांगितलं नाही.

त्या डोंगरगावच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनाआधी छोटी नाटुकली व्हायची, आणि तीस वर्षं त्यांचे कपडे सावेतानंच शिवले. देवदूतांना हंसाच्या पिसांचे पंख, हेरोद राजाला मुरंब्याच्या डब्याच्या पत्र्याचा मुकुट. स्वतः कधी चार माणसांपुढं उभी राहिली नाही. ईस्टरच्या आधी लाजराचं नाटुकलं असे: मेलेला लाजर येशूच्या हाकेसरशी, कफनाच्या पट्ट्यांत बांधलेलाच, थडग्यातून बाहेर येतो. बावीस वर्षं लाजर म्हणजे तिचा नवराच. आंदणातली चादर फाडून केलेल्या दहा पट्ट्या ती त्याला गुंडाळायची आणि तो दरसाल तेच म्हणायचा, "सैल बांध गं. येशूला दोनदा हाक मारायला लावशील."

यंदा लाजर होणार होता ट्रॅक्टरवाला झाहारिए. मार्चमध्ये तिनं पट्ट्यांचा डबा उघडला. नऊच निघाल्या.

दहावी कुठं गेली हे मग आठवलं. नोव्हेंबरात गाव्रिलला आंघोळ घातल्यावर, पाय फाकू नयेत म्हणून तिनं हाताशी आलेली पट्टी बांधली होती. शवपेटीचं झाकण लावण्याआधी ती गाठ सोडायची असते. पाऊस होता, पाळक घाई करत होते. राहून गेली.

गाठीचं तेवढं तिनं शेजारच्या राफिलाला सांगितलं. राफिला जुन्या पंथाची, फाटक्या तोंडाची. ती म्हणाली, "बांधलेलाच पुरलास? अगं, आमच्यात गाठ सोडायला एक बाई नेमलेलीच असते. आता तो तिकडं जाणार कसा? उड्या मारत?"

बाहेर धप् झालं. राफिलानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि चहा तसाच टाकून गेली.

थडगं उकरता येत नाही. पण लाजराच्या नाटुकल्यात, येशूच्या हाकेनंतर, गाठी सोडायच्या असतात. तिथं सोडली की त्याचीही सुटेल, या आशेवर सावेतानं सगळा भार ठेवला.

आणि तालमीला तरणे पाळक दारिउस म्हणाले, "मावशी, गाठी गाळू या. नुसती चादर. झाहारिए उठला, चादर टाकली, झालं. प्रवचनाला वेळ पुरत नाही."

"प्रवचन दोन मिनिटं कमी करा."

"मावशी..."

"पायांची गाठ मी सोडणार. लोकांसमोर. नाहीतर पट्ट्या मिळायच्या नाहीत."

झाहारिए हळूच म्हणाला, "द्या हो पाळकसाहेब. मावशी मला तसंच गुंडाळून ठेवतील."

रविवारी मंदिर गच्च भरलं होतं. हाक आली. झाहारिए पडद्याआडून उड्या मारत बाहेर आला. धप्. धप्. अंगणातला तोच आवाज. सावेता पुढं झाली, गुडघे टेकले. तिनं स्वतः सुरगाठ मारली होती, ओढली की सुटावी अशी. हाताला लागली ती निरगाठ. ओली. नोव्हेंबरात मारली होती तशी, दोन वेढ्यांची.

"मावशी, नुसतं ओढा," झाहारिए पुटपुटला.

नखांनी सुटेना, तेव्हा तिनं दात लावले. तोंडात मातीची चव आली. गाठ सुटली.

"जा गाव्रिल," ती म्हणाली. नाव चुकलं, असं कुणी म्हटलं नाही.

घरी आली तेव्हा दुपार झाली होती. मक्याच्या पिठाचा मामालिगा करायला घेतला, पण पळी हातातच राहिली. अंगणात पावलं वाजली. एक, मग दुसरं. माणूस चालतो तशी. विहिरीवरून, झाडाखालून, फाटकापर्यंत. फाटकाची कडी निघाली.

इतके महिने त्या आवाजाला भ्यालेली सावेता तशीच पळीसकट बाहेर धावली.

"अरे, जरा थांब की," ती म्हणाली.

फाटक हलत होतं. कोंबड्या मधल्या वाटेवर येऊन दाणे टिपत होत्या.