रिकाम्या पानावरचा पाच

बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलं ते वैमानिक व्हायचं म्हणूनच. लातूरला क्लासमधले सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायला निघालेले. मी मात्र लेखी पेपर, उड्डाणाचे तास, मग लायसन्स अशी स्वप्नं रंगवायचो. या सगळ्याआधी मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी. त्यासाठी आईला घेऊन हैदराबादला गेलो.

डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा. बऱ्याच पानांवर मला ठिपक्यांपलीकडं काही दिसेना. मग एका पानावर आकडा ठळक उमटला.

"पाच," मी खुशीत म्हणालो.

डॉक्टर थांबले. ते पान त्यांनी आईकडे वळवलं. "तुम्हाला काय दिसतं?"

"काहीच न्हाई की तिथं," आई म्हणाली, आणि मी परका असल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

ते पान तसंच बनवलेलं असतं, डॉक्टरांनी सांगितलं. ज्यांना लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही, त्यांनाच तिथं आकडा दिसतो. बाकीच्यांना पान रिकामं. वैमानिक होणं अवघड. हा दोष बहुतेक आईच्या माहेराकडून येतो.

पानाचा फोटो मी मोबाइलवर काढून घेतला होता. परतताना अहमदपूरला मामाकडे उतरलो. दुपारी ओसरीवर त्याच्यापुढे मोबाइल धरला, काही न सांगता.

"पाच हाय की," मामा म्हणाला. "का रे?"

आईनं चहाचा कप खाली ठेवला. "आपले बाबा पिकल्या म्हणून हिरव्याच मिरच्या तोडून आणायचे," ती हळूच म्हणाली. "आई लई भांडायची."

मग ती आत निघून गेली. तिला न दिसणाऱ्या त्या आकड्याकडं आम्ही मामा-भाचे बघत बसलो. मामानं दोनदा बोट फिरवून तो गिरवला.

आता मी नांदेडला वैमानिक होऊ पाहणाऱ्यांना लेखी विषय शिकवतो. कुणी नवीन आलं की आधी मेडिकल करून या म्हणतो.

परवा वर्गात विमान उतरतानाचा व्हिडिओ लावला, थेट वैमानिकाच्या खिडकीतून घेतलेला. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उंची बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली आलंय. हे मीच आधी फळ्यावर लिहिलं होतं. धावपट्टी जवळ येत होती. मी निवांत उभा होतो.

"सर!" मागच्या रांगेतली मुलगी ओरडली. "चारही लाल झाले!"

सगळा वर्ग खुर्च्यांत मागं सरकला. मी पडद्याकडं बघत राहिलो. मला चार दिवे दिसत होते, मघासारखेच, आणि विमान अगदी बरोबर उंचीवर होतं.